फ्रीज कोण पुसतं?

प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून मी रुजू झाले त्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, फ्रीज उघडला आणि आतून बांगड्यांचा वास आला.

मी केरीची. समुद्राच्या आवाजात वाढलेली. मासळीचा वास मला परका नाही. उलट परगावी गेलं आणि तो नसला की चुकल्यासारखं होतं. पण त्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात रक्तगट तपासायच्या औषधांच्या इवल्या बाटल्या होत्या, मधल्या कप्प्यात रुग्णांच्या रक्ताच्या नळ्या, आणि नळ्यांच्या स्टँडला टेकून वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार पुडकी. एकातून लालसर पाणी गळून खालच्या खणात साचलं होतं. त्या खणात दुसऱ्या दिवशी वापरायची रसायनं होती.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

खोलीत आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ होते, आमोण्याचे. पन्नाशी ओलांडलेले. पहाटे शेतात जाऊन मग ड्युटीवर यायचे, त्यामुळे नखांत कायम माती. त्यांना सगळे दादा म्हणत. मायक्रोस्कोपवरून डोळे न काढता ते म्हणाले, "एक म्हजें. एक नर्सबायचें. मोठें तें दोतोराचें. आनी एक तुजें, बाय. पयलो दीस न्हय? ताजे आशिल्ले म्हणून तुकाय घेतले."

आता यावर काय बोलणार? पहिल्याच दिवशी माणसं माझ्यासाठी बांगडे घेऊन ठेवतात आणि मी त्यांना नियम शिकवू? संध्याकाळी ते पुडकं मुळगावला घरी नेलं, सासूबाईंनी नारळाच्या रसात त्यांचं हुमण केलं, सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं. माझी पहिली चूक तीच.

ते डिचोली तालुक्यातलं एक लहान सरकारी इस्पितळ. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, खाणीच्या लाल धुळीने तांबूस झालेल्या काचांची दोन जनेलं, आणि आम्ही चार माणसं: दादा, फोंड्याकडची एक तरुण तंत्रज्ञ, काचसामान धुणारी बेळगावकडची एक बाई आणि मी. दहाच्या सुमारास फाटकावर मासळीवाली यायची. ड्युटी पाचपर्यंत. उकाड्यात मासळी तोवर टिकणार कशी? लसींच्या फ्रीजला नर्सबाईंचं कुलूप. उरला आमचा. माझ्या आधीच्या प्रमुखांनी कधी हरकत घेतली नव्हती. ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाची म्हणून दिलेली इसवण, अख्खी सुरमईच, तीही म्हणे दुपारभर त्याच फ्रीजमध्ये होती.

आठवडाभराने मी धीर करून सगळ्यांना बोलावलं आणि नीट समजावून सांगितलं. दर दहा मिनिटांनी कोणी ना कोणी आपलं पुडकं बघायला दार उघडतं, त्याने आतला थंडावा जातो आणि औषधं मरतात. औषध मेलं की माणसाची साखर खोटी दिसते, गट खोटा दिसतो. आणि शेजारच्या नळ्यांत काविळीच्या रुग्णाचं रक्त असतं, तेच हात तुम्ही मासळीला लावता आणि ती मासळी घरच्या पोरांना घालता. सगळ्यांनी माना डोलावल्या. "बरोबर सांगते बाय," दादा म्हणाले. दुसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, पिशवी होती.

महिनाभर मी रोज सांगत होते आणि रोज सगळे 'बरोबर' म्हणत होते. कोणी भांडलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. भांडणाऱ्याशी बोलता तरी येतं. होला हो म्हणून हवं ते करणाऱ्या माणसांपुढे मी अगदी हतबल झाले. घरी जाऊन विनाकारण मुलावर ओरडायचे.

मग मी नोटीस लावली. शाळेत घोटलेल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'या फ्रीजमध्ये खाद्यपदार्थ ठेवू नयेत.'

तो हिवाळा राजभाषेच्या वादाचा. आमच्या डिचोली-पेडण्यात भिंतीभिंतीवर मराठीच्या घोषणा, तर इतर तालुक्यांत कोंकणीच्या. आंदोलकांनी रस्त्यात झाडं आडवी टाकली की बस बंद, आणि बस बंद पडली की निम्मा स्टाफ गैरहजर. त्या दिवसांत मी ही नोटीस लावली.

तासाभराने धाकटी तंत्रज्ञ माझ्यापुढे उभी राहिली. हुशार मुलगी, हात हलका. लहान मुलांचं रक्त तिनेच काढावं. "मॅडम," ती म्हणाली, "नोटीस कोंकणीत जाय आशिल्ली."

"अगं, तुला वाचता आली ना?"

"वाचूंक येता. पूण प्रश्न तो न्हय."

दादा तिकडून म्हणाले, "प्रश्न कित्याक न्हय? ह्या तालुक्यात नोटीस मराठींतच रावतली. कोणेंय हात लावून पळोवं."

दादा मराठीची बाजू कोंकणीतून मांडत होते, आणि कोंकणीचा हट्ट धरणारी ती मुलगी मराठी शाळेत शिकलेली, रोजच्या कामाची टिपणंही मराठीत ठेवणारी. हे दोघांपैकी कोणाच्याच ध्यानात येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी नोटिशीवर कोणीतरी पेनने काट मारली. चौथ्या दिवशी दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. दादांना तिच्याकडची नळी हवी असली तर ते मला सांगत, मी दोन पावलांवर बसलेल्या तिला सांगे, ती नळी माझ्या हातात देई. शेवटी मी तीन भाषांत तीन नोटिसा लावल्या, तिसरी इंग्रजीत, म्हणजे कोणाची जीत नको. नोटिशीत काय लिहिलंय यावर एका शब्दानेही चर्चा झाली नाही. त्या तीन नोटिसांखाली, आत, माणकी मासळीचं पुडकं होतं.

मी डॉक्टरांकडे गेले. आमचे वैद्यकीय अधिकारी गोड स्वभावाचे, रुग्णांत मिसळणारे, कोणालाही न दुखवणारे. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही आता प्रमुख आहात. माणसं सांभाळून घ्यायला शिकलं पाहिजे. मासळीवरून गोंयकाराशी वैर घेतात का?"

"सर, तुम्ही एकदा सांगितलंत तर ऐकतील सगळे."

"सांगतो की. वेळ बघून सांगतो." मी उठले तेव्हा त्यांनी सहज आठवल्यासारखं म्हटलं, "आणि हो, माझं पुडकं जरा वरच्या कप्प्यात ठेवायला सांगा. खाली ठेवलं की वरच्यांचं पाणी त्यावर गळतं."

त्या दिवशी मी त्यांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात बराच वेळ उभी राहिले. हसू यावं की रडू, कळत नव्हतं.

त्या जुन्या फ्रीजच्या मुठीत कुलूप होतं. किल्ली कित्येक वर्षं कपाटात पडून होती. मी ती शोधून काढली, तेल घातलं, आणि सोमवारपासून फ्रीजला कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. औषध हवं असेल त्याने माझ्याकडून किल्ली घ्यायची आणि काम झालं की परत आणून द्यायची.

मासळी बंद झाली. पण त्यासोबत इतरही बरंच काही बंद झालं. सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, माझ्यासाठी उंडे आणून ठेवले जायचे ते बंद झाले. नर्सबाई व्हरांड्यात दिसल्या तर मान फिरवू लागल्या. आणि दादा मला 'बाय' म्हणायचे ते 'मॅडम, तुम्ही' म्हणू लागले. वयाने वडिलांएवढा माणूस 'तुम्ही' म्हणतो तेव्हा तो मान नसतो, हे मला फार झोंबलं. मी वरवर दाखवलं नाही. फ्रीज स्वच्छ आहे, औषधं टिकताहेत, आपण जिंकलो, असं मनाला सांगत राहिले.

पुढे माझ्या मुलाला गोवर आला. मी एक दिवस रजा घेतली. किल्ली पर्समध्येच राहिली. 'विसरले' असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. खरं असं की आदल्या संध्याकाळी निघताना ती मला आठवली होती. पण दादांच्या हातात किल्ली द्यायची म्हणजे उद्या पुन्हा मासळी, असं वाटलं आणि मी पर्स बंद केली. एका दिवसाने काय होतंय, म्हटलं.

त्या रजेच्या दिवशी दुपारी दादांची स्कूटर आमच्या अंगणात आली. ते धुळीने नखशिखांत लाल झाले होते. त्या रस्त्याला खनिजाच्या ट्रकांची रांग कधी तुटायची नाही.

"मॅडम, चावी," ते दारातूनच म्हणाले.

एक बाळंतीण आली होती. रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरांना तिचा रक्तगट ताबडतोब हवा होता, म्हणजे नातेवाइकांतलं कोण तिला रक्त देऊ शकेल ते पाहून त्यांना तिच्यासोबत पणजीला पाठवता आलं असतं. आणि गट तपासायची औषधं कुलपात होती.

मला हातपाय सुचेनात. कुलूप जड चालायचं, किल्ली एका बाजूला दाबून फिरवावी लागायची. मुलाला सासूबाईंकडे दिलं आणि मी तशीच दादांच्या मागे स्कूटरवर बसले.

"कुलूप मोडायचं ना हो दादा!" मी मागून ओरडले.

"मोडलें आसतें तर तुवेंच मेमो दिलो आसतो," ते म्हणाले. 'तुम्ही' गेलं होतं, पण त्या वेळी मला ते जाणवलंही नाही.

वाटेत ट्रक अडकले होते. दोन्ही बाजूंना चर, स्कूटर पुढे काढायला जागा नाही. पाच-सात मिनिटं आम्ही तसेच उभे. तेव्हा दादा मागे न वळता बोलू लागले. म्हणाले, "तेवीस वर्सां हांव हांगा आसां. ही लॅब उघडली तेन्ना हांवें आनी एका दोतोरान मेजां उखलून हाडलेलीं. दोन वर्सांच्या डिप्लोमाचो एक कागद म्हज्याकडेन ना, म्हणून तूं आयलें. तुजो दोष ना तो, म्हाका कळटा. पूण तूं आयलें, आनी पयलें कित्याक हात लायलो? नुस्त्याक. जें आमी सगळे मेळून करताले, तितलेंच."

हा माणूस मासळीबद्दल बोलतच नव्हता, आणि इतके महिने मी त्याला थंडाव्याचं शास्त्र ऐकवत होते.

ट्रक हलले. आम्ही पोचलो. घाईत मला ती नीट फिरवता येईना, शेवटी किल्ली दादांनीच फिरवली. गट त्यांनीच पाहिला, पक्का, दोनदा. गाडी पणजीला गेली. बाळंतीण वाचली; बाळही. पण तिचा नवरा दाराशी उभा होता आणि त्याने मला विचारलं होतं, "बाई, कसली चावी हो? कसली चावी राहिली?" तो प्रश्न आजही कधीतरी भांडी घासताना कानात येतो.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढलं. कोणी मला टोचून बोललं नाही. दादांनी तर डॉक्टरांनाही सांगितलं की चावी चुकून राहिली, कोणाच्याही हातून होतं. त्या चांगुलपणाने मी आणखीच खजील झाले. आता मला मासळीविरुद्ध एक शब्द उच्चारायची सोय नव्हती. बाजाराच्या दिवशी फ्रीजमध्ये सात पुडकी मोजली. मी दार बंद केलं आणि माझ्या टेबलाशी जाऊन बसले.

मी सगळं सोडून दिल्यावर तोंड उघडलं ते आमच्या बेळगावकडच्या बाईने. तिच्याबद्दल आतापर्यंत मी एका ओळीत सांगितलं, आणि तेव्हाही माझ्या लेखी ती तेवढीच होती. तिशीची, उंच, लिंगायत, गळ्यात लिंग घालणारी, मांस-मासळीला न शिवणारी. नवरा खाणीवर कामाला. ती रोजंदारीवर. इस्पितळात तिला 'घाटीण' म्हणत, तोंडावरसुद्धा. मी म्हणत नसे, पण कोणाला थांबवतही नसे. नळ्या मात्र अशा धुवायची की उजेडात धरली तर काच आहे की नाही कळू नये.

एका सकाळी ती हात पुसत माझ्यापुढे आली. "बाई, एक सांगू का? आजपास्नं मी ते फ्रीज पुसणार न्हाई."

मला कळेना. "तुला कोणी सांगितलं पुसायला?"

"सांगाय कशाला पायजे? मग कोण पुसतंय म्हंता? ते पाणी आपापलं सुकतंय व्हय?"

रोज सकाळी मी फ्रीज उघडायची तेव्हा खण कोरडा असायचा. आदल्या दिवशीचं ते लालसर पाणी कुठे जातं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. दीड वर्ष मी थंडावा, औषधं, अधिकार, भाषा, सगळ्यावर डोकं आपटत होते. पण तो खण रोज कोण काढतं आणि कोण धुतं, हे विचारलं नव्हतं.

"पाच वाजता तुमी समदे गेलासा की मी पुसायची," ती म्हणाली. "नाकाला पदर बांधून. पयल्यांदा वकारी व्हायची, मग सवय झाली. कुलूप होतं तवा बरं होतं बघा. आता सात-सात पुडकी. मला न्हाई जमत."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू?" तिने साधेपणाने विचारलं.

ती फ्रीजला हात लावेनाशी झाली आणि दोन दिवसांत खोलीत उभं राहवेना. तिसऱ्या दिवशी मधल्या कप्प्यातला स्टँड खालच्या पाण्यात कलंडला. झाकणं घट्ट होती, रक्त सांडलं नाही, पण नळ्यांवरच्या कागदी चिठ्ठ्या सुटून आल्या. कोणती नळी कोणाची, काही कळेना. त्या नळ्या धाकटीच्या होत्या. तिला सहा रुग्णांना परत बोलावून पुन्हा सुया टोचाव्या लागल्या. त्यांत मये गावची एक म्हातारी होती, जिची शीर सापडायला आधीच अर्धा तास लागला होता. ती मुलगी संतापाने रडली. कप्प्यात त्या दिवशी जे पुडकं फुटलं होतं ते तिचंच होतं, हे मी तिला सांगितलं नाही. तिला ते दिसत होतं.

मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. उघडले, पण भलतीकडेच. नोटिशीपासून एकमेकांशी न बोलणारे दादा आणि ती, दोघांनी त्या दुपारी एकत्र बसून एक अर्ज लिहिला. इंग्रजीत. रोजंदारीची बाई साफसफाईच्या कामाला नकार देते, त्यामुळे रुग्णांची गैरसोय झाली, तिच्यावर कारवाई व्हावी. खाली दोघांच्या सह्या, शेजारी शेजारी.

डॉक्टरांनी मला बोलावलं. टेबलावर मेमो तयार होता. गोवा घटकराज्य होऊन वर्ष होत आलं होतं. तरी नवीन कागद छापून आले नव्हते, म्हणून जुन्या कागदावरचं 'दमण आणि दीव' पेनने खोडलेलं होतं.

"सही करा," ते म्हणाले. "तुमच्या हाताखालची आहे. नुसता इशारा. विषय संपेल."

"सर, मासळीचं पाणी पुसणं तिच्या कामात बसत नाही."

"साफसफाई बसते ना?"

"मेमो द्यायचाच तर मला द्या. लॅब माझ्या ताब्यात आहे."

"असं भावनेच्या भरात बोलू नका."

मग माझा तोल गेला. "दीड वर्ष तुमच्या इसवणीचं पाणी तिने पुसलंय सर. ती स्वतः मासळी खात नाही. तिला ओकारी यायची. तुमचं पुडकं वरच्या कप्प्यात ठेवायचं, एवढंच मला सांगितलं होतंत तुम्ही."

डॉक्टर लाल झाले. "ते माझंच होतं कशावरून?" असं काहीतरी ते पुटपुटले, आणि मेमो ड्रॉवरमध्ये सरकवला. फाडला नाही.

सगळ्याचा निकाल लागला तो असा. महिन्याभराने डॉक्टरांच्या घरी नवा फ्रीज आला आणि जुना त्यांनी इस्पितळाच्या जीपमधून पाठवून दिला. तो मागच्या व्हरांड्यात ठेवला. मासळी तिकडे गेली. पुडकी ज्याची त्याने न्यायची आणि पाणी आळीपाळीने पुसायचं, असं दादांनी ठरवलं आणि सगळ्यांनी ते मुकाट ऐकलं. दोन दिवसांत. मी दीड वर्ष जे मागत होते ते दादांनी एका वाक्यात केलं. दादा मला पुन्हा 'बाय' म्हणू लागले. पुढे डॉक्टरांची बदली झाली तेव्हा निरोपाच्या भाषणात नर्सबाई म्हणाल्या की आमच्या फ्रीजचा एवढा मोठा प्रश्न डॉक्टरांनी कसा चुटकीसरशी सोडवला, ते आम्ही कधी विसरणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

डॉक्टर बदलून गेले त्याच महिन्यात रोजंदारीवरच्या लोकांची नवी यादी आली. तिचं नाव नव्हतं. नव्या राज्यात स्थानिकांना आधी घ्यायचं, रहिवासाचा दाखला हवा, असं कारण सांगितलं गेलं. यादीसोबत तो मेमो गेला होता का, हे मला कधीच कळलं नाही. मी पणजीला दोन पत्रं पाठवली. एकदा स्वतः गेले, दिवसभर बाकावर बसून परत आले. नव्या डॉक्टरांनी हात वर केले. दादांना म्हटलं, तुम्ही एक शब्द टाका. ते म्हणाले, "बाय, तिका काडची म्हणून हांवें बरयलें नासलें. हांवें फकत चिडून बरयलें." मला ते खरं वाटतं. पण चिडून लिहिलेल्या अर्जालाही आवक नंबर पडतो.

शेवटच्या दिवशी ती स्टुलावर बसली होती. रडलीबिडली नाही. म्हणाली, "बाई, एक कागद द्या. चांगलं काम केलं म्हणून. कुठं दवाखान्यात इचारीन, गावाकडं."

मी कागद घेतला, 'दमण आणि दीव' खोडलं आणि मनापासून लिहिलं. नळ्या कशा धुते, किती दिवसांत एकही काच फोडली नाही, वेळेवर येते. आणि मला वाटलं, जे कोणीच कबूल केलं नाही ते निदान या कागदावर तरी यावं. म्हणून पुढे लिहिलं, की स्वतः शाकाहारी असून तिने दीड वर्ष प्रयोगशाळेतल्या फ्रीजमधली मासळीची घाण, कोणी न सांगता, एकटीने साफ केली.

तिला वाचता येत नव्हतं. "वाचून दावा की," ती म्हणाली. मी वाचू लागले. नळ्यांचं ऐकताना ती मान हलवत होती. मासळीपाशी आले तशी ती स्टुलावरून उठलीच.

"ते कशाला लिवलासा बाई?"

"अगं, तुझं कौतुक आहे त्यात."

"कसलं कवतिक! मी मालकाला बी सांगितलं न्हाई ते. सासूला कळलं तर मला चुलीपाशी येऊ देईल व्हय? गावात आमच्या घरचं पाणी पिणार न्हाई कोण." ती कागदाकडे असं बघत होती की जणू त्याला वास येतोय. "खोडू नगा. खोडलं तर इचारतील काय खोडलंय. दुसरा लिवा."

मी तो कागद फाडून कचऱ्यात टाकला. तिने पुढे होऊन कचऱ्यातून तुकडे वेचले, आणखी बारीक केले आणि मोरीत पाण्याबरोबर सोडले. मग परत स्टुलावर येऊन बसली.

मी दुसरा कागद घेतला आणि फक्त नळ्यांचं लिहिलं.